हरणाऱ्या संघाचे शहर

१९९०-९१ च्या हंगामात सॅक्रामेंटो किंग्ज हा बास्केटबॉल संघ ८२ सामने खेळला आणि त्यांतले ५७ हरला. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये असा हंगाम दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतोच. पण या ५७ पराभवांची फोड करून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. परगावी खेळलेल्या ४१ सामन्यांत किंग्जनी फक्त एक जिंकला. घरच्या मैदानावरच्या ४१ सामन्यांत मात्र २४ जिंकले. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच, डावपेचही तेच. घरच्या मैदानाचा फायदा सगळ्याच संघांना होतो. त्या काळी यजमान संघ साधारण तीनपैकी दोन सामने जिंकत असत. त्या मापाने किंग्ज घरी सरासरीच्या जरा खाली, म्हणजे चारचौघांसारखा संघ होता. बाहेर पडला की तोच संघ लीगच्या इतिहासातल्या अगदी वाईट संघांत जमा होई. प्रवासाचा शीण, अनोळखी मैदान, यजमानांच्या बाजूने झुकणारे पंच ही कारणे सगळ्या संघांना सारखीच लागू होती. मग घरी आल्यावर या संघाला हातपाय कशाने फुटत असतील? त्या वर्षीही आर्को अरीना या घरच्या मैदानाच्या सतरा हजारांवर खुर्च्या रात्रीमागून रात्री भरत होत्या, हे उत्तराचे निदान एक टोक आहे. १९८५ मध्ये संघ शहरात आल्यापासून घरचे सलग ४९७ सामने हाऊसफुल्ल गेले. ही मालिका १९९७ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तुटली. तोवरच्या एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नव्हते.

सतत हरणाऱ्या संघामागे उभ्या राहणाऱ्या लोकांविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की हे लोक भाबडे आहेत; वाईट माल पैसे मोजून विकत घेतात आणि वर त्याचा अभिमान मिरवतात. दुसरे मत त्यांना थोर ठरवते. हार-जीत न पाहता प्रेम करणारे खरे भक्त म्हणून त्यांचे गोडवे गाते. सॅक्रामेंटोचा चाळीस वर्षांचा इतिहास बारकाईने पाहिला तर दोन्ही मते अपुरी वाटतात. इथल्या चाहत्याची निष्ठा खेळाडूंच्या गुणवत्तेला वाहिलेली नव्हती, कारण ती बहुतेक वर्षे फारशी नव्हतीच. मालकांना तर ती मुळीच वाहिलेली नव्हती. मालकांवर त्याने कायम दात धरला. त्याची निष्ठा एका वस्तुस्थितीशी होती. आपल्या शहराच्या नावाचा एक संघ देशासमोर उभा आहे आणि तो आपला आहे, ही ती वस्तुस्थिती. संघ आपला म्हटल्यावर त्याच्या कारभाराचा जाब विचारण्याचा हक्कही आपला, असे तो मानत आला. माझे म्हणणे एवढेच आहे की टिकून राहणे आणि तक्रार करणे ही त्याच्या बाबतीत एकाच वृत्तीची दोन अंगे आहेत, आणि संघ चालवणाऱ्यांनी त्यातले पहिले तेवढे वसूल करून दुसऱ्याकडे पाठ फिरवली की शहर आणि संघ या दोघांचेही नुकसान होते.

हे समजण्यासाठी आधी शहर समजले पाहिजे. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी. पण कॅलिफोर्निया म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे लॉस एंजेलिस येते, नाहीतर सॅन फ्रान्सिस्को. जेमतेम सव्वापाच लाख वस्तीचे, शेतीने वेढलेल्या खोऱ्यातले, सरकारी कचेऱ्यांचे हे शहर दोघांच्या सावलीत राहिले. अमेरिकेच्या चार मोठ्या व्यावसायिक लीगांपैकी एकीचाच संघ या शहराला लाभला, तो किंग्ज. २०२५ पासून बेसबॉलचा ॲथलेटिक्स संघ नदीपलीकडच्या वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतो आहे, पण तो लास वेगासला जाण्याआधीचा मुक्काम आहे आणि त्या संघाच्या अधिकृत नावात या शहराचे नाव घातलेले नाही. किंग्जही मूळचे इथले नव्हेत. रॉचेस्टर रॉयल्स या नावाने हा संघ सुरू झाला, १९५१ मध्ये त्याने आपले एकमेव विजेतेपद मिळवले, १९५७ मध्ये तो सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला. म्हणजे सॅक्रामेंटोला जे मिळाले ते कॅन्सस सिटीच्या हातून गेलेले होते. आलेला संघ उद्या उठून जाऊही शकतो, ही धास्ती या शहराच्या संघप्रेमात पहिल्या दिवसापासून मुरलेली आहे. जिथे संघ हलणार नाही याची खात्री असते तिथे लोक फक्त निकाल मोजतात. इथे संघ शहरात असणे हीच आधी मोजायची गोष्ट होती.

या शहराने आपला अपमानही कसा अंगावर वागवला ते पाहण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किंग्जचा संघ एकदम बहरला. क्रिस वेबर, व्लाडे डिवाट्स, पेजा स्टोयाकोविच, जोडीला आधी जेसन विल्यम्स आणि मग माइक बिबी, प्रशिक्षक रिक ॲडलमन. चेंडू एका हातात न अडकता पाचही जणांत फिरायचा. त्या खेळाच्या आठवणी आजही काढल्या जातात. त्या काळात लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोची संभावना गुराढोरांचे, अर्धवट सुधारलेले गाव अशा शब्दांत केली. यावर शहराने निषेधाची पत्रके काढली नाहीत. प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले आणि लेकर्सच्या बाकामागे बसून जॅक्सन यांच्या कानाशी त्या बडवू लागले. छत असलेल्या बंदिस्त जागेत हजारो घंटांचा पत्र्यासारखा कर्कश आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. वेळ मागून घेतलेल्या प्रशिक्षकाला खेळाडूंशी कानाला लागून बोलावे लागते. शिवी म्हणून आलेले नाव शहराने उचलले आणि त्याचेच आयुध केले. ॲडलमन यांचा तो संघ कधीच गेला, जॅक्सनही गेले, पण घंटा राहिली. पुढच्या हरण्याच्या वर्षांतही ती वाजत राहिली.

२००१-०२ हा त्या संघाचा कळस. ८२ पैकी ६१ विजय, लीगमधली सर्वोत्तम कामगिरी. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गाठ पडली ती लेकर्सशीच. चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी लेकर्सच्या रॉबर्ट ओरीने मारलेला तीन गुणांचा फटका आणि सहाव्या सामन्याच्या अखेरच्या चतुर्थांशात लेकर्सना बहाल झालेले २७ फ्री थ्रो सॅक्रामेंटोत अजून कोणी विसरलेले नाही. सातवा सामना जादा वेळेत गेला आणि किंग्ज घरच्या मैदानावर हरले. सहाव्या सामन्यातल्या पंचगिरीवर तेव्हाच टीका झाली आणि पुढेही होत राहिली. इथे त्या वादाचा निवाडा करण्याचे कारण नाही. चाहत्याच्या मनावर त्याने जो संस्कार केला तो मात्र महत्त्वाचा आहे. आपण कमी पडलो म्हणून हरलो असे मानायला जागा असती तर दुःख निवले असते. आपल्याकडून काही हिरावले गेले अशी भावना राहिली की ते साठून राहते आणि पिढीकडून पिढीकडे जाते. २००६ मध्ये किंग्ज सॅन अँटोनियोकडून हरून प्लेऑफमधून, म्हणजे बाद फेरीतून, बाहेर पडले. त्यानंतर सलग १६ हंगाम त्यांना प्लेऑफचे तोंड दिसले नाही. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाने पाहिलेला नाही. २००६ च्या वसंतात जन्मलेले मूल बाद फेरीतला आपल्या संघाचा पहिला सामना पाहीपर्यंत गाडी चालवण्याचा परवाना काढण्याच्या वयाचे झाले होते.

हा दुष्काळ नशिबाने आला नाही, तो निर्णयानिर्णयाने ओढवून घेतला गेला. एनबीएमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची शिक्षा नाही. उलट हरलेल्या संघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रम मिळण्याची जास्त शक्यता असते. म्हणजे पराभवाची भरपाई व्यवस्थेनेच करून ठेवली आहे; ती वापरता आली पाहिजे, इतकेच. २००८-०९ मध्ये किंग्ज ६५ सामने हरले, लीगमध्ये तळाला गेले, सोडतीत त्यांना चौथा क्रम मिळाला आणि त्यांनी टायरिक इव्हान्सला निवडले. सातव्या क्रमावर गोल्डन स्टेट वॉरियर्सनी स्टीफन करीला घेतले. २०११ मध्ये जिमर फ्रेडेट किंग्जकडे आला, आणि क्ले थॉम्पसन, क्वाय लेनर्ड त्याच्यामागून इतरांकडे गेले. २०१२ मध्ये पाचव्या क्रमावर थॉमस रॉबिन्सन, सहाव्यावर दुसऱ्या संघाने डेमियन लिलार्ड. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमावर मार्विन बॅगली, तिसऱ्यावर लुका डोंचिच. ही नावे सॅक्रामेंटोचा जुना चाहता पाढ्यासारखी म्हणून दाखवतो. एखादी निवड चुकणे समजू शकते; भविष्य कोणालाच कळत नाही. पण प्रशिक्षक दर दीड-दोन वर्षांनी बदलायचे, प्रत्येक नव्या माणसाने नवी पद्धत आणायची आणि तरुण खेळाडूंनी ती शिकता शिकता पुढच्याची वाट पाहायची, हा क्रम दैवाचा नव्हता. चाहत्यांनी या सगळ्या कारभाराला स्वतःच एक नाव पाडले: ‘कँग्झ’. संघाच्या नावाचेच हे वेडेवाकडे रूप, काही विचित्र घडले की एका शब्दात सगळे सांगून टाकणारे. बाहेरच्याने ते टिंगल म्हणून वापरले तर त्यांना बोचते. आपापसात मात्र ते दुखणे ओळखण्याची खूण असते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त प्रमाणात घालून येतात, आणि विजयाविषयी बोलताना ‘आपण’ हा शब्द जास्त वापरतात, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात आपणही थोडे उजळून घेतो आणि अपयश आले की हळूच दूर सरकतो, हा त्याचा अर्थ. मनुष्यस्वभावाचे हे वर्णन खरे आहे आणि सॅक्रामेंटोतही त्याचा पुरावा सापडतो. २००८-०९ च्या त्या तळाच्या हंगामात प्रेक्षकांची संख्याही लीगमध्ये तळाला गेली होती. तेव्हा ‘इथले चाहते कधीच पाठ फिरवत नाहीत’ ही दंतकथा कोणी सांगू नये. पण याच माहितीचा दुसरा अर्थही लक्षात घेतला पाहिजे. त्याआधी हेच शहर हरणाऱ्या संघाचे ४९७ सामने तुडुंब भरून पाहत होते. तेव्हाचा संघ कमकुवत होता, तरी नव्या शहरात रुजत होता. नंतरच्या संघाच्या मालकांचे लक्ष भलतीकडे लागले होते. चाहत्याने पराभव दोन्ही वेळी पाहिला. दुसऱ्या वेळी त्याला त्यात हेळसांड दिसली. त्या रिकाम्या खुर्च्यांना मी निष्ठेचा अंत म्हणणार नाही. तीही जाब विचारण्याचीच एक रीत होती.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे १९७० चे पुस्तक या जागी फार उपयोगी पडते. संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा बोलणे. ज्याला निष्ठा नाही तो पहिल्याच ठेचेला निघून जातो आणि त्याच्या जाण्यातून संस्था काही शिकत नाही. निष्ठा माणसाला दाराशी थांबवते आणि आत बोलायला वेळ देते. म्हणून निष्ठा ही मुकाट्याने सोसण्याची वृत्ती नाही. बोलणे शक्य करणारी ती अट आहे. सॅक्रामेंटोने याचा पुरावा २०११ ते २०१३ या काळात दिला. त्या वेळचे मालक, मालूफ बंधू, संघ ॲनाहाइमला हलवण्याच्या तयारीत होते. १३ एप्रिल २०११ चा लेकर्सविरुद्धचा सामना हा या शहरातला शेवटचा सामना ठरणार असे सगळ्यांनी धरले होते. किंग्ज वीस गुणांनी मागे पडले होते, तिथून उठून त्यांनी सामना ओढून आणला, लेकर्सच्या कोबी ब्रायंटने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि जादा वेळेत लेकर्स ११६-१०८ असे जिंकले. हरलेल्या सामन्यानंतर प्रेक्षक बाहेर पडतात, गाडीतळावर गर्दी होते, असा रिवाज. त्या रात्री लोक उठलेच नाहीत. खेळाडू आत गेले, दिवे जळत राहिले आणि लोक खुर्च्यांपाशी उभे राहून शहराच्या नावाचा गजर करत राहिले. दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्यांना बोलता बोलता रडू आवरले नाही.

पुढची दोन वर्षे हे बोलणे संघटित झाले. शहराचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएचे माजी खेळाडू आणि याच शहरात वाढलेले. त्यांनी लीगसमोर बाजू मांडली. हजारो लोकांनी पुढच्या हंगामांची तिकिटे घेण्याची लेखी तयारी दाखवली, आणि तीही अशा संघाची, ज्याच्या मुक्कामाचा भरवसा नव्हता. २०१३ च्या जानेवारीत मालूफ बंधूंनी सिॲटलच्या गटाशी विक्रीचा करार केला. सिॲटलचे दुःखही खोटे नव्हते. ४१ वर्षे जपलेला त्यांचा सुपरसॉनिक्स संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला होता. एका शहराची जखम भरायची तर दुसऱ्याला नवी करायची, अशी ही व्यवस्था. सिॲटलच्या गटाने बोली वाढवत ६२.५ कोटी डॉलरच्या मूल्यांकनापर्यंत नेली. तरीही १५ मे २०१३ रोजी लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले, आणि ५३.४ कोटी डॉलरच्या मूल्यांकनाने संघ विवेक रणदिवे यांच्या गटाकडे गेला. मुंबईत जन्मलेले, वाढलेले, कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरच्या धंद्यात नाव काढलेले रणदिवे एनबीए संघाचे पहिले भारतीय वंशाचे प्रमुख मालक ठरले. मराठी वाचकाला या नावाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. सॅक्रामेंटोला मात्र ते नाव वेगळ्या कारणाने प्रिय झाले. संघ इथेच राहील, हा शब्द त्या नावामागे होता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. संघ चाहत्यांच्या भावनेमुळे राहिला नाही, शहराच्या तिजोरीमुळे राहिला. २०१६ मध्ये उघडलेल्या गोल्डन वन सेंटरच्या सुमारे ५५.८ कोटी डॉलर खर्चातला सुमारे २५.५ कोटींचा वाटा शहराने उचलला. मुख्यतः गाडीतळांच्या भावी उत्पन्नावर कर्जरोखे काढून. क्रीडागृहांवर ओतलेला सार्वजनिक पैसा आर्थिक लाभाच्या रूपाने परत येत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचे जवळजवळ एकमत आहे. मग निष्ठा म्हणजे अब्जाधीशांना खंडणी देण्याचे सुंदर नाव नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळून जाणे बरे नाही. पण त्याच वेळी हेही पाहावे की २००६ मध्ये नव्या अरीनासाठी पाव टक्का विक्रीकर बसवण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला तेव्हा याच परिसरातल्या लोकांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला होता. लोक संघावर प्रेम करत होते आणि तरीही मालकांना कोरा धनादेश द्यायला तयार नव्हते. नंतरचा सौदा झाला तो शहराच्या मध्यभागातल्या ओस पडत चाललेल्या बाजारपेठेची जागा वापरण्याच्या अटीवर आणि संघ तिथून हलणार नाही या दीर्घ मुदतीच्या कराराने. हा सौदा शहराला महाग पडला असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मी एवढेच म्हणेन की ज्या क्षणी सार्वजनिक पैसा त्यात पडला, त्या क्षणी चाहत्याची तक्रार ग्राहकाची राहिली नाही. ती नागरिकाची झाली.

हे नागरिकत्व केवळ कागदोपत्री नव्हते, हे २०१८ च्या मार्चमध्ये दिसले. १८ मार्चला शहराच्या पोलिसांनी स्टीफन क्लार्क या २२ वर्षांच्या नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. त्याच्या हातात मोबाइल होता. २२ मार्चला निदर्शक चालत आले आणि त्यांनी गोल्डन वन सेंटरची दारे अडवली. दारे बंद करावी लागली, हजारो तिकीटधारक बाहेर राहिले आणि अटलांटाविरुद्धचा सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. सामन्यानंतर रणदिवे खेळाडूंना घेऊन मध्यभागी उभे राहिले आणि निदर्शकांच्या बोलण्याच्या हक्काचा मान राखणारे बोलले. तीन दिवसांनी बॉस्टनविरुद्धच्या सामन्याआधी दोन्ही संघांनी सरावाला जे काळे शर्ट घातले त्यांवर ‘अकाउंटॅबिलिटी’ हा शब्द होता. उत्तरदायित्व. शहराला दाद मागायची होती तेव्हा लोक कोणत्या दाराशी गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शहराच्या पैशाने उभी राहिलेली, शहराच्या मध्यभागी असलेली ती इमारत आपली आहे, हे खेळाशी संबंध नसलेल्यांनीही गृहीत धरले होते. ज्या इमारतीच्या पायरीवर शहर न्याय मागायला बसते, त्या इमारतीतल्या संघाचा कारभार ही मालकाची खासगी बाब आहे असे मग म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की या लोकांना पर्यायच नव्हता. एकच संघ, म्हणून त्याला चिकटले. हा आक्षेप भूगोलापुढे टिकत नाही. दोन तासांच्या अंतरावर वॉरियर्स होते. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार विजेतेपदे त्यांनी मिळवली, आणि त्यांचा नायक तोच करी, ज्याला किंग्जनी २००९ मध्ये सोडले होते. बाजू बदलायला यापेक्षा सोपा मोसम आणि यापेक्षा मोठे निमित्त कोणाला मिळणार? काहींनी बाजू बदललीही. सॅक्रामेंटोतल्या सामन्यांत वॉरियर्सचे निळे-पिवळे शर्ट ठिकठिकाणी दिसू लागले आणि ते इथल्या जुन्या चाहत्याच्या डोळ्यांत सलत. तरीही जे किंग्जच्या जांभळ्या रंगाशी राहिले त्यांनी दार उघडे असताना राहणे निवडले. आणि २०२२-२३ मध्ये मोबदला मिळाला. प्रशिक्षक माइक ब्राउन यांच्या हाताखाली डीॲरन फॉक्स आणि डोमांटास सबोनिस यांच्या संघाने ४८ सामने जिंकले, पश्चिमेत तिसरा क्रमांक मिळवला आणि १६ हंगामांचा दुष्काळ संपवला. त्याच हंगामापासून प्रत्येक विजयानंतर अरीनाच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सोडण्याची प्रथा पडली. सामना घरी जिंकला की त्या रात्रीचा खेळाडू मोठी थोरली कळ दाबतो, लोक ‘लाइट द बीम’ ओरडतात आणि जांभळी रेघ सरळ वर जाते. परगावी जिंकला तरी झोत इथेच लागतो. घरातल्या अंगणातून, रस्त्यावरच्या गाडीतून, रात्रपाळीला निघालेल्याला मान वर करून कळते की आज आपण जिंकलो. तिकीट परवडत नसलेल्यालाही निकालाचा वाटा मिळतो. १९९०-९१ मध्ये परगावच्या एकुलत्या एका विजयाची रात्र शहराला अशी दिसली नव्हती.

पहिल्याच फेरीत गाठ वॉरियर्सशी पडली आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. ३० एप्रिल २०२३ रोजी सॅक्रामेंटोतच करीने ५० गुण केले. सातव्या सामन्यात कोणी ५० गुण करण्याची ती एनबीएच्या इतिहासातली पहिली वेळ. किंग्ज १००-१२० असे हरले. चौदा वर्षांपूर्वीची चूक घरी येऊन वसुली करून गेली. पण सॅक्रामेंटोने तो हंगाम पराभवाचा मानला नाही, कारण संघ काहीतरी उभारतो आहे हे त्याला दिसत होते. म्हणूनच पुढचे जे घडले ते जास्त लागले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, करार वाढवून सहा-सात महिने झाले असताना, ब्राउन यांना काढले गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, आणि एप्रिलमध्ये डॅलसकडून घरीच हरून हंगाम संपला. जुन्या चाहत्यांना बरोबर दहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला. संघाची सुरुवात चांगली झालेली, प्रमुख खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी पडल्याने काही पराभव आलेले, आणि ११ विजय, १३ पराभवांवर प्रशिक्षक मायकल मॅलोन यांना निरोप दिला गेलेला. त्याच मॅलोन यांनी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले. रणदिवे यांच्यावर आज जी टीका होते तिला कोणी कृतघ्नपणा म्हणतात: ज्याने संघ वाचवला त्यालाच बोल लावता? पण उपकार मानणे आणि हिशेब मागणे या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने करता येतात. २०१३ चे आभार कोणी परत घेतलेले नाहीत. ते आभार पुढच्या प्रत्येक डिसेंबरची पावती म्हणून वापरता येणार नाहीत, एवढेच लोक सांगत आहेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत कडक आहे. निष्ठावंत चाहताच वाईट कारभाराला पोसतो. त्याने तिकीट घेणे थांबवावे, मग मालक सुधारतील. दुकानदाराच्या बाबतीत हे चालते. एनबीएत ते फारसे चालत नाही. लीगच्या राष्ट्रीय प्रक्षेपण हक्कांचा पैसा सर्व संघांत वाटला जातो, आणि २०२५-२६ पासूनचा ११ वर्षांचा नवा करार सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. संघ हरला तरी त्याची किंमत चढत राहते, ५३.४ कोटी डॉलरला आकारलेले किंग्ज आज तीन अब्जांच्या वर मानले जातात. अशा व्यवस्थेत रिकाम्या खुर्च्यांचा चटका मालकाला कमी बसतो. उलट रिकामी खुर्ची स्थलांतराचे निमित्त होऊ शकते, हे या शहराने एकदा पाहिले आहे. म्हणजे निघून जाण्याचा मार्ग बोथट आहे, आणि म्हणूनच बोलण्याचा मार्ग धारदार करण्याची गरज आहे. ते अशक्य नाही. अमेरिकी फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघाचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे राहावे असा नियम आहे. त्याला अपवाद आहेत, पण नियम आहे. एनबीए असे काही उद्या स्वीकारेल अशी आशा मी करत नाही. पण ज्या अरीनात शहराचे २५.५ कोटी डॉलर गुंतले आहेत, तिथल्या संघाने वर्षातून एकदा नागरिकांपुढे उभे राहून आपण काय ठरवले, का ठरवले आणि कुठे चुकलो हे सांगावे, ही मागणी फार मोठी नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. एनबीएचे भारतातले हे पहिले सामने. पहिला पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, दुसराही त्यांनीच. पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांनी जागा भरून टाकली होती. त्या मुलांचा आनंद निखळ होता. त्यांना कोणाच्या बाजूने ओरडावे याची सक्ती नव्हती. जो उंच उडी मारील त्याला टाळ्या. रणदिवे यांच्या जन्मगावी त्यांचा संघ हरला आणि कोणाची झोप गेली नाही. लीग आपले खेळाडू, गणवेश, संगीत, लाकडी मैदान विमानात घालून जगात कुठेही नेऊ शकते. २००२ चे ते २७ फ्री थ्रो आणि १३ एप्रिल २०११ ची रात्र मात्र सॅक्रामेंटोतच राहतात. विकत घेतलेल्या संघाबरोबर मालकाकडे येणारी खरी मत्ता हीच असते, आणि ती ताळेबंदात लिहिता येत नाही म्हणून तिची सर्वांत जास्त हेळसांड होते. १९९०-९१ च्या त्या संघाला परगावी ४१ वेळा कोर्टवर उतरून एकदाच जिंकता आले. तो घरी परतला की प्रत्येक वेळी खुर्च्या भरलेल्या होत्या आणि त्या भरलेल्या खुर्च्यांपुढे तो अर्ध्याहून जास्त सामने जिंकत होता. लोकांनी आपला वाटा तेव्हाच उचलला होता. उरलेला वाटा संघ चालवणाऱ्यांचा आहे, आणि तो मागण्याचा हक्क या शहराने ४९७ रात्री बसून मिळवलेला आहे.